ती बोलत बोलत खोक्याला टेप लावते

शीर्षकातले वाक्य माझ्या पटकथेतले आहे. प्रसंगात थोडी हालचाल हवी म्हणून एका रात्री फारसा विचार न करता मी ते सहा शब्द लिहिले आणि पुढच्या संवादाकडे वळले. चित्रीकरणाच्या दिवशी त्या सहा शब्दांनी आमचे अडीच तास, तीन खोकी आणि मला सर्वांत जास्त हवा असलेला एक शॉट खाल्ला. विद्यार्थ्यांच्या लघुपटात पैसे नसतात, कॅमेरा साधा असतो, दिवे अपुरे असतात, हे सगळे खरेच आहे; परंतु त्या तुटवड्याची आम्हांला आधीपासून कल्पना होती आणि त्या मानाने तयारीही होती. कोंडी झाली ती मी स्वतःच कागदावर लिहून ठेवलेल्या आणि तेव्हा अगदी निरुपद्रवी वाटलेल्या गोष्टींनी. त्या एका दिवसाचा हिशेब एकदा मांडून ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षासाठी करायचा हा बारा मिनिटांचा लघुपट आणि त्याच्या बरोबर मध्यावर हा प्रसंग. वडील जाऊन काही महिने झाल्यावर भाऊ आणि बहीण त्यांची खोली आवरायला बसतात. रात्र झालेली आहे, टेबलावरचा एकच दिवा चालू आहे, पुस्तके आणि कागद खोक्यांत भरले जात आहेत आणि या आवराआवरीच्या आडून, बाबा आजारी असताना तू का आला नाहीस, हे बहीण अखेर विचारते. पटकथेची साडेतीन पाने होती, म्हणजे एका पानाला साधारण एक मिनिट या नेहमीच्या अंदाजाने पडद्यावरची साडेतीन मिनिटे. खोली ओळखीतून एका दिवसापुरती मिळाली होती, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. कॅमेऱ्यामागे आम्ही सात जण होतो आणि प्रत्येकाकडे किमान दोन कामे होती. बहिणीची भूमिका आमच्याच वर्गातली मैत्रीण करणार होती. भावाची भूमिका करणारे दादा हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केलेले, नोकरीतून एक दिवसाची रजा काढून आलेले होते. ती रजा त्यांना पुन्हा मिळणार नव्हती आणि ती खोली आम्हांला.

दोन माणसे, एक खोली, एक दिवा असे म्हटले की ऐकणाऱ्याला ते स्वस्त वाटते. मलाही वाटले होते. गर्दीचा प्रसंग नको, रस्ता नको, प्रवास नको, म्हणून मी पात्रांना घरात बसवले. मात्र बाहेर वाचवलेले सगळे त्या चार भिंतींच्या आत वसूल होते. खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब. आमच्याकडे एपीएस-सी, म्हणजे पूर्ण चौकटीच्या (फुल फ्रेम) सेन्सरपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा होता आणि त्यातल्या त्यात उजेड घेणारी लेन्स म्हणजे ५० मिलिमीटरची. या आकाराच्या सेन्सरवर ती लेन्स पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावरच्या साधारण ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे माणूस कमरेपासून वर दिसायला हवा असेल तर कॅमेरा त्याच्यापासून जवळपास तीन मीटर लांब न्यावा लागतो. तीन मीटर म्हणजे दहा फूट, आणि दहा फूट म्हणजे आमची अख्खी खोली. कलाकाराने एका भिंतीला पाठ लावायची आणि छायाचित्रण करणाऱ्याने दुसऱ्या भिंतीत शिरायचे, अशी ती अवस्था होती. शेवटी एक शॉट त्याने रिकाम्या केलेल्या कपाटात बसून घेतला आणि एक दाराबाहेर तिवईचे दोन पाय ठेवून. कपाटात बसायचे तर कपाट आधी रिकामे करायला हवे, आणि ते रिकामे केले की ज्या शॉटमध्ये भरलेले कपाट दिसते तो त्याआधीच उरकलेला असायला हवा. शॉट कोणत्या क्रमाने घ्यायचे हे आम्ही आदल्या आठवड्यात मोठ्या विचाराने ठरवले होते. प्रत्यक्षात तो क्रम त्या कपाटाने ठरवला.

प्रसंग रात्रीचा आणि खोली दिवसाची, हीदेखील माझीच करणी. खिडक्या झाकल्या की झाली रात्र, असे मी धरून चालले होते. काळे कापड, त्यावर जाड कागद आणि कडांना टेप लावून तिघांनी खिडक्या बंद केल्या, दिवे मालवले, आणि झरोक्यातून, दाराच्या फटीतून, एवढेच काय कुलपाच्या भोकातूनसुद्धा दिवस आत येत असल्याचे दिसले. डोळा अंधाराला सरावला की किती ठिकाणी उजेड आहे हे कळते, आणि कॅमेऱ्याला तर ते सरावावेही लागत नाही. या कामाला पन्नास मिनिटे गेली. त्यानंतर जे झाले त्याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. खिडक्या बंद म्हणून हवा नाही, आवाज नको म्हणून पंखा बंद, दिवे चालू आणि नऊ माणसे आत. तासाभरात दोन्ही कलाकारांच्या कपाळावर घाम दिसू लागला. पहिल्या शॉटमध्ये कोरडे असलेले कपाळ चौथ्या शॉटमध्ये चमकते आणि संकलनात हे दोन शॉट शेजारी बसले की बहीण एका वाक्यात घामाघूम होते. मग दर टेकनंतर दार उघडायचे, पंखा लावायचा, घाम टिपायचा, पंखा बंद करायचा, त्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि पुन्हा दार लावायचे. प्रत्येक वेळी सात-आठ मिनिटे. वेळापत्रकात या कामासाठी रकानाच नव्हता.

दिव्यांबाबत आमचा बेत साधा होता. टेबलावरचा दिवा हा दिसणारा आणि मुख्य प्रकाश, एक छोटा एलईडी पॅनेल पुस्तकांच्या मांडणीमागे लपवलेला, आणि थर्माकोलचा एक पांढरा ताव चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर थोडा उजेड परतवण्यासाठी. टेबलावरच्या बल्बचा प्रकाश पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचा. पॅनेलचा दिवसासारखा निळसर, ५६०० केल्विनचा. पॅनेलवर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक ताव, चढवून दोघांचा रंग जुळवून घेतला. इथपर्यंत ठीक होते. पण छोट्या दिव्याजवळ बसलेल्या माणसांना अंतरातला थोडासा फरकही फार महागात पडतो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे शाळेत पाठ केलेले वाक्य त्या खोलीत मला डोळ्यांनी दिसले. बहीण दिव्यापासून तीन फुटांवर आणि भाऊ सहा फुटांवर, तर भावाच्या चेहऱ्यावर एक चतुर्थांश उजेड. तो सहज पुढे झुकला की उजळतो, मागे टेकला की बुडतो. प्रशस्त ठिकाणी मोठा दिवा लांब ठेवता येतो आणि मग अर्ध्या फुटाच्या हालचालीने काही बिघडत नाही. आमच्या खोलीत लांब असे काही नव्हतेच.

त्यातच पडद्यावर पट्टे दिसू लागले. नुसत्या डोळ्यांना दिवा स्थिर दिसत होता, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र काळसर आडवे पट्टे सावकाश वर सरकत होते. आमच्या आधी कॅमेरा वापरणाऱ्या कुणीतरी शटर, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना उजेड आत येण्याचा वेळ, १/६० सेकंदावर ठेवले होते आणि आम्ही ते न पाहता चित्रीकरणाला बसलो होतो. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. चांगल्या दिव्यात हा चढउतार नगण्य असतो, साध्या एलईडी बल्बमध्ये तो पुरेसा मोठा असू शकतो. शटर १/५० सेकंदावर असेल तर प्रत्येक चौकटीत असे दोन पूर्ण चढउतार मावतात आणि सगळ्या चौकटी सारख्या उजळतात. १/६० वर ते अर्धवट तुटतात आणि पट्टे उमटतात. जिथे वीजपुरवठा ६० हर्ट्झचा असतो तिथे हेच गणित उलटे होते. सेकंदाला २४ चौकटी ही गती बोलपट आल्यावर, १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्थिरावली, कारण ध्वनी फिल्मवरच मुद्रित होऊ लागल्यावर गतीत चढउतार चालण्यासारखा राहिला नाही; आणि चौकटीच्या निम्म्या वेळाइतके शटर उघडे ठेवायचे या प्रघातानुसार तिला १/४८ सेकंद लागतो. १/५० त्याच्या इतका जवळ आहे की हालचालीत फरक कळत नाही. आम्ही १/५० केले आणि पट्टे गेले. मग बल्ब थोडा मंद हवा म्हणून कुणीतरी डिमर लावला आणि तो नुसता लुकलुकू लागला. अखेरीस दिव्याच्या शेडला आतून बटर पेपरचे दोन थर लावले आणि तो विषय संपवला.

पहिल्या शॉटसाठी क्लॅप वाजली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

आमच्या यादीत सतरा शॉट होते. जेवणाचा तास वगळता नऊ तास आणि सतरा शॉट म्हणजे एका शॉटला जेमतेम बत्तीस मिनिटे, हा भागाकार आदल्या रात्रीसुद्धा करता आला असता. तो मी केला जेवणाच्या सुट्टीत, दीड वाजता, तोवर तीन शॉट झालेले असताना. सहायक दिग्दर्शिकेने काही न बोलता यादी माझ्यापुढे सरकवली आणि पेन हातात दिले. बारा मिनिटांत मी आठ शॉट खोडले. वडिलांच्या चष्म्याचा, भिंतीवरच्या बंद घड्याळाचा, दारातून दिसणाऱ्या दोघांच्या सावल्यांचा असे मला फार प्रिय असलेले शॉट सर्वांत आधी गेले आणि आज पाहते तर त्यांतला एकही आठवत नाही. खोडणे अवघड गेले नाही. अवघड होते ते काय खोडायचे नाही हे ओळखणे, आणि तिथे मी चुकले.

आता टेप.

दुसऱ्या पानाच्या शेवटी बहीण भरलेल्या खोक्याच्या तोंडावर चिकटपट्टी ओढत ओढत तो प्रश्न विचारते, असे मी लिहिले होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मैत्रिणीने पटकथा वाचून मला आदल्या आठवड्यात विचारले होते, "टेप ओढताना ती बोलणार आहे का गं? मग मला तिचे वाक्य मिळणार नाही." मी म्हटले होते, "बघू तेव्हा." तेव्हा म्हणजे जेवणानंतर दोन वाजून दहा मिनिटांनी. टेपचे रीळ ओढले गेले आणि त्या मैत्रिणीने कानावरचा हेडफोन काढून सरळ मांडीवर ठेवला. चिकटपट्टी रिळावरून सुटताना ती सलग सुटत नाही; अडते, निसटते, पुन्हा अडते, आणि या बारीक बारीक झटक्यांचा मिळून तो कर्कश आवाज होतो. तो एखाद्या शिट्टीसारखा एका सुरात असता, तर नंतर गाळता आला असता. तो पसरलेला असतो आणि बोलण्यातली व्यंजने, विशेषतः 'स', 'श', 'त' ही अक्षरे ज्या पट्टीत ऐकू येतात, नेमका तिथेही असतो. 'तू का आला नाहीस' या वाक्यातून टेप काढायचा म्हणजे 'त' आणि 'स' काढायचे.

पहिला उपाय म्हणून आम्ही टेप आधीच हातभर सोडवून पुन्हा रिळावर गुंडाळली. असे दोन-तीनदा केले की चिकटपणा मरतो आणि आवाजही मरतो. आवाज खरोखर अर्ध्यावर आला. मात्र चिकटपणा मेल्यामुळे टेक चालू असताना, भावाच्या उत्तराच्या ऐन मध्यावर, खोक्याचे झाकण सावकाश उचलले गेले, आणि एवढा वेळ गंभीर राहिलेले दादा हसले. दुसरा उपाय म्हणजे हा भाग मुका घ्यायचा आणि संवाद नंतर भरायचा. त्यासाठी शांत जागा हवी, ओठांशी शब्द जुळवायला सराव हवा आणि मुख्य म्हणजे दादांची आणखी एक रजा हवी. शिवाय एका तीन मिनिटांच्या प्रसंगात मधलीच चार वाक्ये वेगळ्या खोलीत बोलल्यासारखी वाटली, तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण त्याचे लक्ष तिथून उठते. तिसरा उपाय टेपचे तुकडे आधीच कापून खोक्याच्या मागच्या बाजूला लावून ठेवण्याचा. ते इतके खोटे दिसले की त्याचा टेकसुद्धा घेतला नाही.

हे प्रयोग चालू असताना खोकी संपत होती, आणि हा भाग मला आजही नीट सांगावासा वाटतो. टेप एकदा लावली की ती काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा घेऊन येते. तपकिरी खोक्यावर खरवडल्यासारखा फिकट पट्टा उरतो आणि पुढच्या टेकमध्ये टेप लावण्याआधीच, इथे टेप लावली होती हे दिसते. आमच्याकडे सारखी दिसणारी तीनच खोकी होती. प्रत्येक खोके उलटे करून तळाची बाजू वर आणली तर एकाचे दोन टेक होतात, म्हणून एकूण सहा. उलटे करायचे म्हणजे भरलेली पुस्तके बाहेर काढायची, खोक्याचा तळ पक्का करायचा, मग सगळ्यात वर दिसणारी पाच पुस्तके त्याच क्रमाने आणि त्याच तिरकसपणाने पुन्हा रचायची. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या मित्राने दर टेकनंतर मोबाइलवर फोटो काढले होते आणि तो गुडघे टेकून, एका हातात मोबाइल धरून, निळ्या बाइंडिंगच्या पुस्तकाचा कोपरा बोटाने अर्धा इंच डावीकडे सरकवत होता, हे दृश्य लघुपटातल्या कोणत्याही दृश्यापेक्षा माझ्या लक्षात अधिक स्पष्ट राहिले आहे. सहांपैकी दोन तोंडे प्रयोगांत वाया गेली. उरली चार.

याच सुमारास शेजारी कुठेतरी भिंतीत ड्रिल चालू झाले. जाऊन विनंती केली; आपले काम सोडून ते आमच्यासाठी किती वेळ थांबणार? दहा मिनिटे थांबले, मग पुन्हा सुरू. ड्रिल चालू असताना ज्यात ओठ दिसत नाहीत ते शॉट घ्यायचे आणि ते थांबले की संवादाचे, अशी आम्ही वाटणी केली. हात, पुस्तके, कपाटाचा खण हे सगळे ड्रिलच्या साथीने चित्रित झालेले आहे. ही वाटणी कागदावर शहाणपणाची वाटते. अभिनयाच्या दृष्टीने ती भयंकर होती, कारण ड्रिल थांबले की नऊ माणसे एकदम बहिणीचे काम करणाऱ्या मैत्रिणीकडे पाहत आणि आता रड, अशी न बोललेली आज्ञा तिच्यावर पडे.

मार्ग तिनेच काढला. ती म्हणाली, "मी टेप ओढते, थांबते, मग विचारते. नाहीतरी हातात काम चालू असताना मला हा प्रश्न विचारवत नाहीये." आणि तसे केल्यावर टेपचा तो कर्कश आवाज, तो थांबल्यावरची शांतता आणि त्या शांततेत हलक्या आवाजातला प्रश्न असा क्रम तयार झाला. तो माझ्या लिखाणापेक्षा नक्कीच चांगला होता. मर्यादांतून कल्पकता फुलते असे म्हणण्याची ही जागा आहे, आणि ते वाक्य मला मुळीच आवडत नाही. तिला ते सुचले कारण ती हुशार आहे. दोन दिवस हातात असते तर तालमीत, कुणी घामाघूम न होता, तिला ते सुचले असते. मी तालीम त्या खोलीत, खऱ्या खोक्यासह आणि खऱ्या टेपसह एकदाही घेतली नव्हती. आमच्या सगळ्या तालमी टेबलाभोवती बसून झालेल्या, आणि त्यांत टेप म्हणजे हवेत फिरवलेला हात होता. हवेतल्या हाताला आवाज नसतो.

टेपचा मामला संपला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बहिणीच्या दिशेचे सगळे शॉट आधी आणि मग दिवे फिरवून भावाच्या दिशेचे, हा क्रम दिव्यांच्या दृष्टीने बरोबर असतो. दर शॉटला दिवे इकडून तिकडे हलवत बसलो तर दिवस पुरत नाही. परंतु या क्रमाची एक किंमत असते, जी मी आधी मोजली नव्हती. ज्याची दिशा शेवटी येते त्याला दिवसाचे उष्टे मिळते. दादा सकाळपासून कॅमेऱ्याच्या पाठीमागे बसून, चौकटीत नसतानाही, समोरच्या मुलीला पूर्ण मन लावून संवाद देत होते. रंगभूमीवरची सवय म्हणून आवाज मोठा लागतो, तो कमी करा दादा, असे मी त्यांना सकाळी तीनदा सांगितले होते. संध्याकाळी ते सांगावे लागले नाही, कारण आवाज उरला नव्हता. विनामोबदला आलेल्या माणसाला आणखी एक टेक द्या, हे म्हणताना जीभ जड होते. व्यावसायिक संचावर तो प्रश्न निदान कराराने सुटलेला असतो.

मला सर्वांत जास्त हवा असलेला शॉट म्हणजे प्रश्न ऐकतानाचा भावाचा चेहरा. तो आम्ही पाच वाजून पंचवीस मिनिटांनी, सामान आवरण्यासाठी ठेवलेल्या वेळातली दहा मिनिटे चोरून घेतला. एकच टेक. उजेड कमी म्हणून लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे, एफ १.८ वर (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता दाखवणारा आकडा, १६००च्या पुढे नेला की काळ्या भागांत दाणे दिसतात, म्हणून तोही वाढवता येत नव्हता. ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ आणि चेहरा दीड मीटरवर, या परिस्थितीत आमच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी जागा पुढून मागे साधारण सहा सेंटिमीटर असते. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांच्या थोडे मागेपर्यंत. एफ ४ वर ती तेरा-चौदा सेंटिमीटर झाली असती, पण त्यासाठी जवळपास पाचपट उजेड लागला असता. दादांनी टेप ओढल्याचा आवाज ऐकला, शांतता ऐकली, प्रश्न ऐकला आणि ते मागे सरकले. फार नाही, चार बोटे. एखाद्याने अंगावर हात उगारावा तसे ते सरकले, आणि दिवसभरात घडलेली सर्वांत खरी गोष्ट तीच होती. फोकस मात्र आधी डोळे जिथे होते तिथेच राहिला. फोकस ओढायला वेगळा माणूस आमच्याकडे नव्हता. कॅमेरा चालवणारा मित्रच ते करत होता, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर ते मागे सरकल्याचे आम्हा दोघांनाही दिसले, धूसर झाल्याचे दिसले नाही. मी "कट, मस्त" म्हणाले. टाळ्या वाजल्या.

दोष माझ्या मित्राचा नाही. या एका शॉटसाठी अर्धा तास आणि दोन टेक राखून ठेवणे हे यादी खोडताना करायचे काम होते, आणि यादी मी खोडली होती. चष्म्याचा शॉट गेला, घड्याळाचा गेला, आठ गेले, तरी हा शॉट दिवसाच्या अगदी शेवटी राहिला. त्याला कुणी वर आणले नाही, कारण त्यात काही अवघड नव्हते. चेहरा होता, ऐकत होता, बस.

बाकीच्या तांत्रिक बाबी लवकर आटोपतात. कॅमेऱ्याची नोंद सेकंदाला १०० मेगाबिट या दराने होत होती, म्हणजे तासाला ४५ गीगाबाइट. ६४ गीगाबाइटचे कार्ड जेमतेम एक तास पंचवीस मिनिटांत संपते, हे गणित मात्र आम्ही आधीच केले होते, आणि दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही हा नियम इतक्या कडकपणे पाळला की कार्डे एका बंद डब्यात ठेवून त्या डब्यावर एकाची नेमणूक केली होती. ध्वनी वेगळ्या रेकॉर्डरवर होता आणि क्लॅपच्या टोल्यावर तो चित्राशी जुळवला. एकदा क्लॅप चौकटीबाहेर वाजली, तेवढा एक टेक जुळवायला संध्याकाळ गेली. कपाटात बसून घेतलेल्या शॉटमध्ये आम्ही दोन पात्रांमधली कल्पित रेषा ओलांडली होती, त्यामुळे त्या कटनंतर भाऊ आणि बहीण एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसतात; मध्ये हातांचा शॉट घातल्यावर ते लपले. ड्रिलच्या काळात घेतलेले ते हात असे उपयोगी पडले.

तो धूसर शॉट आम्ही पूर्ण टाकला नाही. दादा मागे सरकण्याच्या आधीचा सव्वा सेकंद स्पष्ट आहे. तेवढा वापरला आहे, आणि ते सरकायला लागतात तोच बहिणीच्या बोटांवर कट आहे, टेपच्या टोकावर थांबलेल्या. पाहणाऱ्यांना तो कट बरा वाटतो. एकाने त्यात संयम आहे असेही सांगितले. मी काही बोलले नाही.

सहाला दहा मिनिटे कमी असताना ध्वनिमुद्रण करणारी मैत्रीण दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुणी हलायचे नाही. चाळीस सेकंद." रिकाम्या खोलीलाही तिचा स्वतःचा आवाज असतो; संवादांच्या मधल्या जागा निव्वळ शांततेने भरल्या तर त्या भोकांसारख्या ऐकू येतात, म्हणून त्याच खोलीची, त्याच माणसांसह, शांतता वेगळी मुद्रित करून ठेवावी लागते. आम्ही जिथे होतो तिथे उभे राहिलो, कुणाच्या हातात तिवई, कुणाच्या हातात काळे कापड. ड्रिल बंद होते. अठ्ठाविसाव्या सेकंदाला, कुणीही हात लावलेला नसताना, टेबलाखालच्या खोक्यावरच्या खरवडलेल्या पुठ्ठ्यावरून टेपचे एक टोक सुटले आणि बारीकसा आवाज झाला. पुन्हा मुद्रण करायला वेळ नव्हता, घरमालक जिन्यात येऊन थांबले होते. त्यामुळे संपूर्ण प्रसंगाखाली जी शांतता आहे ती पहिल्या सत्तावीस सेकंदांची आहे, पुन्हा पुन्हा जोडलेली.